बारवेच्या पायऱ्या

नारू निघालेला पाय घेऊन गावभर हिंडणं म्हणजे काय, हे आताच्या माणसांना कितीही सांगितलं तरी कळायचं नाही. नारूच आता कुणाला माहीत नाही. घोट्याच्या आसपास एक फोड यायचा, आग आग व्हायची. तो फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं बाहेर काढायचा. तो ओढायचा नसतो. एका काडीला गुंडाळायचा, रोज एखादा वेढा द्यायचा, वर धोतऱ्याचं पान बांधायचं आणि मुकाट्याने वाट पाहायची. घाई केली आणि दोरा आतच तुटला तर पायाचा भोपळा व्हायचा. त्या हिवाळ्यात माझ्या डाव्या घोट्याला अशी काडी बांधलेली होती आणि मी त्याच पायावर उभी राहून मुलींकडून पाढे म्हणून घेत होते.

मी त्या गावातल्या मुलींच्या शाळेची एकुलती एक मास्तरीण. गाव नेवासे तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजाराला निघालेली जनावरं दुपारी जिथे टेकतात असं. लढाईचे दिवस होते, रॉकेलची मारामार होती आणि पगार महिन्याच्या महिन्याला येईलच असा भरवसा नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावाने पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घातलं म्हणून चार लोकांत उभी राहत होते, नाहीतर त्याच्याच चुलीपुढे आयुष्य गेलं असतं. गावाने मला शाळेमागची खोली दिली होती आणि 'बाई' म्हणायला सुरुवात केली होती. माझ्यासारखीला गाव एरवी जी नावं ठेवतं ती 'बाई'ला जरा दबक्या आवाजात ठेवतं, एवढाच काय तो फायदा.

गावाच्या मध्यावर चावडी, तिच्यासमोर बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, दगडी, चौकोनी, थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेली. बायका खाली उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी बुडवायच्या. तिथेच पाय धुवायच्या, तिथेच घटकाभर पायरीवर टेकून सासूची गाऱ्हाणी सांगायच्या. ज्याच्या पायात नारू त्याचा पाय पाण्यात पडला की किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. तेच पाणी सगळ्यांनी प्यायचं आणि पुढच्या वर्षी काड्या बांधून लंगडायचं. पाणी फडक्याने गाळून प्या, हे मी शाळेत घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी. "बाई, पानी बी कुठं चाळत्यात का? ते काय पीठ हाय?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे.

माझं पाणी एक बाई भरायची. तिला मी मावशी म्हणायची. वयाने माझ्या आईएवढी, माझ्यासारखीच कपाळ मोकळं असलेली. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून लग्न होऊन इथे आली आणि नवऱ्यामागे इथेच राहिली. एक लेक होती, ती तिकडेच दिलेली. व्यापाऱ्यांच्या घरी, पाटलांच्या घरी, माझ्याकडे असं पाणी भरायचं आणि घरटी भाकरी आणि सुगीला धान्य घ्यायचं, हा तिचा संसार. तिच्या डाव्या कोपरात कधीतरी नारू तुटला होता. हात काटकोनात आखडला तो पुन्हा सरळ झालाच नाही. पण गंमत अशी की त्या आखडलेल्या कोपरात घागर नेमकी बसायची. उजव्या हाताने घागर बुडवायची, कमरेवर घ्यायची, डाव्या कोपराची मिठी मारायची आणि पायऱ्या चढून यायची. धडधाकट सुना दम खात थांबायच्या तिथे मावशी न थांबता वर. "देवानं हात मोडला तो बी घागरीच्या मापानं मोडला," असं म्हणून ती हसायची.

मार्गशीर्षात नगरहून ग्रामसुधारणेचे साहेब आले. माणूस भला होता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही. त्यांच्याजवळ गावाच्या मध्याचा नकाशा होता. बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, वर चाकं बसवून पोहऱ्याने पाणी काढायचं, भोवती फरसबंदी, सांडपाण्याला गटार, जनावरांना हौद, आणि चावडीपुढचे उकिरडे गावाबाहेर. नकाशा पाहून मला इतका आनंद झाला की पायाची आग विसरले. नारू जाणार होता. साहेबांना वरून हुकूम होता की हे सगळं गावाला विचारून करायचं, जुलूम करायचा नाही.

म्हणून चावडीत सभा भरली. शाळेची खिडकी चावडीकडे असल्याने ती मला घरबसल्या ऐकू आली. साहेब विचारायचे, "मंडळी, पायऱ्या बंद केल्या तर चालतील ना?" मंडळी गप्प. आमच्याकडे चावडीत पाटलांनी खाकरल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही आणि त्यांनी उघडल्यावर वेगळं बोलत नाही. पाटील खाकरले आणि म्हणाले, "सायेब म्हनत्यात त्ये गावाच्या भल्याचं हाय." झालं, पायऱ्या संपल्या. मग जनावरांच्या हौदाचा विषय निघाला आणि चावडी पेटली. हौद उगवतीला की मावळतीला, बाजाराच्या बैलांनी आधी प्यायचं की गावच्या, उंची किती, खोंडाची मान पोचेल का. दुपार कलली तरी हौद चाललेलाच होता. माझ्या चौथीच्या मुलींचा भूगोल त्या हौदात बुडाला.

शेवटी साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "स्त्रियांचंही मत घ्यायचं आहे. पाणी त्याच भरतात." चावडीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बायका काय परक्या हायेत का सायेब? आमच्याच हायेत की." पण साहेब हट्टाला पेटले, आणि मग पाटलांनीच तोड काढली. संक्रांत तोंडावर आली होती. शाळेत हळदीकुंकू करायचं, गावातल्या बायका आपोआप येतील, पाटलीणबाई कुंकू लावतील आणि लावता लावता विचारतील. साहेबांना ही कल्पना फार आवडली. लोकांच्या रीतीतून लोकांचं मत, असं काहीतरी ते म्हणाले आणि शाळेच्या खिडकीत मी दिसले तशी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, व्यवस्था तुम्ही करा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझं कपाळ त्यांना दिसत होतंच. पण काही गोष्टी पुरुषांना दिसूनही दिसत नाहीत. मी "बरं" म्हटलं. नोकरदार बाईच्या तोंडात दुसरा शब्द असतो कुठे?

हळदीकुंकवाच्या दिवशी शाळा मी सारवली, पताका मी लावल्या, बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे मी ताटांत रचले. आणि बायका यायला लागल्या तशी मागच्या ओसरीवर जाऊन बसले. मला कुणी हाकललं नाही. हाकलावं लागत नाही, आपले आपणच उठतो. ओसरीवर आधीच मावशी बसली होती. तिने त्या दिवसासाठी घागरी भरून दिल्या होत्या. थोड्या वेळाने तांबोळ्याची बायको विड्याच्या पानांची टोपली घेऊन मागच्या दाराने आली. हळदीकुंकवाची पानं दरवर्षी तिच्या घरून येत, मुसलमान म्हणून तिला मात्र आत बोलावण्याची रीत नव्हती. टोपली ठेवून तीही आमच्याजवळ टेकली. गावाच्या मध्याचा विचार आत चालला होता आणि आम्ही तिघी ओसरीवर पाय पसरून बसलो होतो.

दाराच्या फटीतून मला आतलं दिसत होतं. पाटलीणबाई मोठ्या हौशी. प्रत्येकीपुढे करंडा धरायच्या, हळद लावायच्या, मग कुंकवाचं बोट उचलून विचारायच्या, "बारवंच्या पायऱ्या बुजवायच्या म्हनत्यात, तुजं काय म्हननं?" कुंकू लावून घ्यायला बाई मान पुढे करते. ती मान पुढे झाली की पाटलीणबाई म्हणायच्या, "व्हय म्हनतीया." आणि पुढची. एखादीच्या मनात असलंच तरी ती काय बोलणार? कुंकवाचं बोट कपाळाजवळ आलेलं असताना 'न्हाई' हा शब्द कोण सवाष्ण उच्चारील? तेवढ्याने अपशकुन व्हायचा आणि नवऱ्याला साधी शिंक आली तरी तिच्या नावाने खडे फुटायचे. अशा रीतीने आमच्या गावातल्या समस्त स्त्रियांनी एकमताने होकार दिला. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. दोन्ही गिळून टाकले.

"काय इचारत्यात आत?" मावशीने मला विचारलं. मी सांगितलं. पायऱ्या बंद होणार, चाकं बसणार, दोराने पाणी ओढायचं. नारू जाणार हेही उत्साहाने सांगितलं.

मावशीने आखडलेला हात पदराबाहेर काढून माझ्यापुढे धरला. "आन् ह्यो?" ती म्हणाली. "दोराला दोन हात लागत्यात, बाई."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो हात मी रोज पाहत होते, त्याच हाताने आणलेलं पाणी पीत होते.

"मी काय खानार मग?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. तांबोळ्याची बायको हळूच म्हणाली, "सायबाला सांगा बाई, आमचं कोन ऐकतंय?" आतून तेवढ्यात उखाणे ऐकू यायला लागले.

त्या रात्री काडीला वेढा देताना माझी मला चीड आली, कारण मला दोन्ही हवं होतं. नारू जायला हवा होता आणि मावशीची भाकरी राहायला हवी होती. पायऱ्या उघड्या ठेवा असं म्हणायला माझी जीभ रेटेना. शाळेतल्या पोरी लंगडत येत होत्या. एकीच्या गुडघ्यात नारू होता, तिला बसता येत नव्हतं. साहेब बरोबर होते, हीच माझी खरी अडचण होती. चुकीच्या माणसाशी भांडायला अंगात बळ येतं. बरोबर माणसाशी भांडताना मी आधीच निम्मी थकलेली होते.

साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बाई, एका बाईसाठी सगळं गाव आजारी ठेवायचं का?" मी म्हटलं, "नाही. पण एका बाईसाठी एक तोटी बसवता येईल." माझं म्हणणं असं होतं की बारवेवरच्या नव्या ओट्यावर एक लहान हौद बांधावा, येणारी-जाणारी त्यात एक पोहरा ओतील, खाली तोटी असेल, मावशी तिथे घागर लावील. साहेबांना पटलं. त्यांनी नकाशावर पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढला. तो चौकोन पाहून मला वाटलं, चला, जमलं.

पण चौकोन गावाला मान्य व्हायला हवा होता. म्हणून मी चावडीवर गेले. वर चढले नाही, खाली पायरीशी उभी राहिले. काठीचा आधार घेतला होता. पाटील सभ्यपणे उठून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पर बाई, ती कुठं न्हाई म्हनली? समद्या बाया व्हय म्हनल्या. सायबाच्या कागदावर हाय."

"तिला विचारलं कुणी?" मी म्हटलं.

"अवो, हळदीकुंकवाला इचारलं की समद्यांस्नी. का न्हाई आली ती?"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांची नजर माझ्या कपाळाकडे गेली आणि तिथून जमिनीवर उतरली. माझे कान तापले होते. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू येत होतं, आणि ते त्या माणसांसमोर येऊ नये म्हणून मी काठी घट्ट धरून उभी होते. पाटील मग खाली बघतच म्हणाले, "गाव पोशील तिला. उपाशी न्हाई ठेवनार." सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय, व्हय, गाव पोशील."

मी ते मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "पोशील की. देवळाफुडच्या कुत्र्याला बी गाव पोसतंय."

चैत्रात पाणी खाली गेलं तसं काम सुरू झालं. लढाईमुळे सिमेंट मिळत नव्हतं. चुन्याची घाणी चावडीपुढे फिरायला लागली आणि दिवसभर बैलाच्या मागे कुरकुर चालायची. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. जनावरांचा हौद झाला, मावळतीला झाला, चांगला दणदणीत झाला. चाकं बसली. एक चाक साहेबांनी गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी ठरवलं होतं. त्यांना आजवर पायरीला पाय लावू देत नव्हते. त्यांच्या बायका वर उभ्या राहायच्या, कुणी ओतील ते घ्यायच्या. त्यांना विचारायला ना चावडीत जागा होती ना हळदीकुंकवात. ते चाक बसलं खरं, पण त्यावर त्यांना कुणी दोर टाकू दिला नाही. साहेबांनी दोनदा येऊन दम दिला. साहेब गेले की दम गेला.

आणि माझ्या तोटीच्या हौदापर्यंत येता येता चुना संपला. साहेबांची बदली धुळ्याला झाली. नवीन साहेबांच्या नकाशावर पेन्सिलीचा चौकोन उठला नव्हता. मी दोन अर्ज केले, मग कंटाळले. अर्ज करणाऱ्यालाच कंटाळा येतो हो, सरकारला कधी येत नाही.

भिंत पुरी झाली त्या दिवशी सकाळी मावशी नेहमीसारखी घागर घेऊन आली. कुणाचा तरी दोर मागून घेतला. उजव्या हाताने ओढायचा, तळपायाखाली दाबून धरायचा, पुन्हा ओढायचा. पोहरा निम्म्यात आला. मग पायाखालचा दोर सरकला, पोहरा धाडकन खाली गेला आणि दोर तिच्या हाताच्या तळव्याचं कातडं सोलून गेला. बायका "अगं बया" म्हणाल्या, एकीने तिची घागर भरूनही दिली. पहिल्या दिवशी भरून दिली, दुसऱ्या दिवशी भरून दिली. पण ज्याच्या त्याच्या घरी चूल खोळंबलेली असते. पाणी भरण्यावर जिचं पोट आहे तिला खेपांमागून खेपा कोण भरून देणार? हळूहळू मावशी ओट्याच्या खाली, गावकुसाबाहेरच्या बायका वाट पाहत उभ्या राहायच्या तिथे जाऊन उभी राहायला लागली. घागर खाली ठेवायची आणि वर बघत राहायचं. त्या बायकांनी तिला सरकून जागा दिली.

मग मी जायला लागले. माझा पाय बरा झाला होता. शाळेआधी बारवेवर जायचं, मावशीच्या घागरी भरायच्या, जमेल तेवढ्या शेजारच्या रांगेतल्याही. बाई पाणी ओढते म्हणून आधी गाव बघत राहिलं, मग बाई कुणालाही पाणी देते म्हणून कुजबुजलं, मग सवय झाली. थोर काही केलं असं कुणी समजू नये. मला त्याचा वीट यायचा. हिवाळ्यात हाताला भेगा पडायच्या, पाढे शिकवताना खांदे ठणकायचे, आणि कितीतरी सकाळी अंथरुणात पडून मी मावशीवर मनातल्या मनात चिडले आहे की ही बया मरत का नाही. मग उठायची आणि जायची. वर्षामागून वर्ष असं गेलं. स्वराज्य आलं, चावडीवर झेंडा लागला, आणि त्याही सकाळी मी आधी पाणी ओढलं.

नारू मात्र गेला. एका हिवाळ्यात लक्षात आलं की शाळेत कुणाच्याच पायाला काडी नाही. पोरी अंगणात धावत होत्या. साहेबांना पत्र लिहावंसं वाटलं, पण ते कुठे आहेत ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर माझी राहुरीला बदली झाली. सुटले, असंच आधी वाटलं. शेवटच्या सकाळी बारवेवर गेले तर मावशी ओट्याखाली उभी होती, पण घागर आणली नव्हती. काखेत एक गाठोडं होतं.

"घागर कुठे?" मी विचारलं.

"दिली तांबोळ्याच्या घरला," ती म्हणाली. "तुमची बदली झाली, म्हंजी माजीबी झालीच की बाई. आता कोन वढनार? लेकीकडं जाते, तिकडं उगवतीला."

मी म्हटलं, तिथे काय करणार, जावयाच्या दारात किती दिवस बसणार?

"बसायचं कशापायी? पानी भरीन की. तितं बारव हाय."

मी विचारलं, "पायऱ्या आहेत?"

"हायेत तर. थेट पान्यापातूर," मावशी म्हणाली. इतकी खूश मी तिला त्या सगळ्या वर्षांत पाहिली नव्हती. आखडलेल्या कोपराने तिने गाठोडं कमरेशी दाबून धरलं, घागर धरायची तसंच.

मी अंगावरच्या जुन्या लुगड्याच्या पदराचं फडकं फाडून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "मावशी, पाणी गाळून प्या."

"गाळीन की," ती म्हणाली, फडक्याला नाक पुसलं आणि चालू लागली.